आईच्या नावाची पेटी पुन्हा मागच्या भिंतीवर लावण्याबाबत

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
नवपहाट युवा आरोग्य केंद्र,
हुडकेश्वर, नागपूर.

विषय : निरोधच्या मोफत पेटीवरील माझ्या आईचे नाव व फोटो काढून पेटी पूर्वीच्या जागी लावण्याबाबत.

संदर्भ : माझी तोंडी विनंती व त्यावर मिळालेले ‘तुमच्या भावना समजतात’ हे उत्तर.

महोदय,

१. आपल्या केंद्रातील समुपदेशक कै. सिंधूताई रंगारी यांची मी मुलगी. आई मार्चमध्ये गेली. केंद्राने तिचा सन्मान केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. हा अर्ज त्याच सन्मानाविरुद्ध असल्याने लिहिताना संकोच होतो.

२. निरोधची पत्र्याची पेटी आईने सायकल स्टँडमागच्या भिंतीवर स्वतः लावून घेतली होती. मुलामुलींच्या वर्गात ती सगळे स्पष्ट सांगे : निरोध कसा वापरायचा, पाकिटावरची तारीख का पाहायची, समोरचा नको म्हणाला तर तिथेच का थांबायचे. पण माहिती असली तरी हात पुढे व्हायला आडोसा लागतो, हे ती जाणून होती. त्या पेटीचे झाकण करकरत असे. आई अंगणात असली आणि झाकण वाजले, की ती बोलता बोलता पाठ फिरवायची. पुढे सगळे कर्मचारीही तसेच करू लागले.

३. आई गेल्यावर ती काढून मुख्य दारापाशी नवी पेटी आली. तिला काच लागली, वर दिवा, त्यावर आईचा हार घातलेला फोटो आणि ‘सिंधूताई स्मृती निरोध पेटी’ अशी संगमरवरी पाटी. नारळ फोडून उद्घाटन झाले. सुरक्षारक्षक भैय्याजी रोज काच पुसतात, गुरुवारी उदबत्ती लावतात. त्यांच्या मनात आईविषयी आदरच आहे. एका मुलाने पेटीकडे हात नेला तेव्हा ते म्हणाले, “चप्पल काढ गा आधी! ताईचा फोटो हाये, दिसून नाही राह्यला काय? अन् कोनाचा होय तू?” मुलाने चप्पल काढली, फोटोला नमस्कार केला आणि तो रिकाम्या हाताने गेला. मी तिथेच उभी होते.

४. ‘पेटी सदैव भरलेली असते’, असे आपल्या अहवालात अभिमानाने नमूद आहे. ते खरे आहे. आईच्या वेळी ती सतत रिकामी होत असे आणि आई कुरकुर न करता भरत असे.

५. गेल्या आठवड्यात आईच्या वर्गातली एक मुलगी घरी आली. तिच्या परवानगीने लिहीत आहे. तिला इथे दिपाली म्हणते. ती आणि तिचा मित्र पेटीपर्यंत येऊन निरोध न घेताच परतले होते. आता ती घाबरली आहे. ती म्हणाली, “ताई, बाईनं सगळं सांगितलं होतं, मले सगळं माहीत होतं. पण बाई वरून पाहून राहिल्या, अन् मी हात घालू काय?” मी तिला रामदासपेठेतल्या दवाखान्यात तपासणीला नेले. काही दिवसांनी पुन्हा तपासावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तोवर ती रोज मला फोन करते.

६. येत्या १ डिसेंबरला कोराडीच्या वसाहतीतही आईच्या फोटोसह अशीच पेटी बसणार आहे. त्यासाठी आपल्या कार्यालयाने माझ्याकडे मोठा फोटो मागितला. मी तो दिलेला नाही आणि देणार नाही.

७. तरी पाटी व फोटो काढावेत, पेटी सायकल स्टँडमागे न्यावी आणि दिवा तिकडे नेऊ नये. जुनी पत्र्याची पेटी भंगारात गेली नसेल तर तीच लावावी. तिच्या झाकणाला तेल घालू नये.

८. मंजुरीला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत एवढे तरी आजच करावे : आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगावा. यात तिचा अवमान नाही. ती तशीच उभी राहत असे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

मेघा सिंधूताई रंगारी

सोबत : केंद्राच्या अंगणातील आईचा फोटो, एक प्रत. पाठमोरा आहे. कोराडीसाठी हवा असल्यास हा वापरावा.