फाइल बुद्रुक, फाइल खुर्द

सोम. १ डिसें.
फोनचा सिप सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फोन जोडणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो म्हणतात. खरी किंमत आज मांडली: तळेगाव–लोणावळा तीन खेपा, भाचीचं केळवण चुकलं, वर हिचा अबोला. अबोला सर्वांत महाग.
रिसॉर्टच्या दरीकडच्या चोवीस नव्या खोल्यांत फोन हवेत, तिथं मोबाइलला रेंज नाही. सर्व्हरच्या मशीनला आज्ञा द्यायची, एकेक नंबर डेटाबेसात घालायचा, एवढंच काम. पण मशीनचं उत्तर एकच: डेटाबेस इंजिन ठरवलेलं नाही.

मंगळ. २
सेटिंगची फाइल उघडली. इंजिनच्या ओळीपुढं हॅश (#), म्हणजे ओळ असून नसल्यासारखी. हॅश काढला, सेव्ह केलं. तेच उत्तर. पासवर्ड बरोबर. मशीन बंद-चालू. तेच.
मॅनेजर कुलकर्णी: "शुक्रवारी वऱ्हाड येतंय. गुरुवारपर्यंत नाही झालं तर पुण्याच्या जुन्या कंपनीला बोलावतो. वर्षाच्या देखभालीचा करारही त्यांच्याशीच."
म्हणालो, "बोलवा की. सर्व्हर त्यांनी बसवलेला, घोळ त्यांचाच आहे. पुण्यानं मारलेली गाठ मावळातच सुटते." बोललो खरं.

बुध. ३
रिसेप्शनच्या टेबलाखाली वायरी बघत होतो. खोल्या आवरणाऱ्या सखूमावशी फोनवर कुरिअरवाल्याला झापत होत्या. "टाकव्याला दिलं म्हंतोस, पर कुटल्या? नाव येक म्हून गाव येक व्हतंय व्हय? मी बुद्रुकची. तू खुर्दला टाकून आलास. तितं कोन वळखतंय मला?"
हात थांबला.
सेटिंगच्या फाइलचं नाव अख्ख्या मशीनवर शोधलं. दोन! वेगवेगळ्या फोल्डरांत. मी दुरुस्त करतोय बुद्रुकची, आज्ञा वाचतेय खुर्दची. तिथला हॅश काढला. नंबर डेटाबेसात पडला. खोली ३०१ला रिंग दिली. तिथं आवरायला गेलेल्या मावशींनीच उचलला.
"कोन हाय?"
"मी, भाऊ. मावशी, पार्सल पोचलं."
"कुटं, बुद्रुकला?"
"खुर्दला."
"मग काय उपेग."

गुरु. ४
चोवीसच्या चोवीस वाजले. प्रत्येक कानाला लावून ऐकला. ३०९मध्ये बारीक खरखर, दुसऱ्याला ऐकूही आली नसती. जोड बदलला, आवाज काचेसारखा. असा कान उभ्या मावळात आहे का कोणाचा.
कुलकर्णी खूश. "तुम्ही म्हणालात तेच खरं, त्या लोकांचाच घोळ. मालकांना तसं लिहूनही टाकलं. उद्या चारला या, करारावर सही."
घरी हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "बरं मग?" चला, बोलली तरी.

शुक्र. ५
वऱ्हाड उतरलं. ३०१, ३०४ चालू. कुलकर्णींचा फोन: "चारला विसरू नका, मालक स्वतः आलेत." येतो म्हणालो.
मग घरूनच इंटरनेटवरून मशीनमध्ये शिरलो, खुर्दची फाइल कधी तयार झाली ते बघायला. गेल्या वर्षीचा १४ ऑगस्ट. पुण्याची कंपनी त्याआधीच काम सोडून गेलेली.
माझी गेल्या वर्षीची वही काढली. "१४ ऑ. लोणावळा, रिसॉर्ट. सर्व्हरची नवी आवृत्ती नव्या फोल्डरात चढवली. एकट्यानं."