पाहुण्यानं प्यायलेला मासा

रविवार, ७ एप्रिल १९४६
१. सकाळी सात वाजता काचेच्या बरणीत मासे सहा.
२. अकरा वाजता देवळाली प्रवऱ्याहून फक्रुद्दीन चाचा आले, पुतण्यासाठी मला पाहायला.
३. माझ्या मावशीनं, इमामबी खालानं, त्यांना रांजणातलं पाणी दिलं.
४. बरणीत मासे शून्य.
५. रांजणात पाच.

"बरनी तापली हुती. रांजणात गार हाय, म्हनून सोडले!" — खाला. आणि तेच पाणी पाहुण्याला? "मासं असलं की पानी निवळ ऱ्हातं. विहिरीत न्हाईत व्हय?"

चाचांनी एका दमात लोटा संपवला. म्हणाले, "पानी गोड हाय. जरा… सळसळतं."

८ एप्रिल
मी काम करते त्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला. बरणी ९३ अंश फॅरनहाइट. रांजण ७४. खालाचं बरोबर होतं. तिला सांगणार नाही. मासे रांजणातच राहतील, प्यायचं पाणी घागरीत.

मासे माझे नाहीत. नकाशे काढणाऱ्या शमशेरचे. छावणीतला साहेब विलायतेला जाताना त्याला देऊन गेला. बोटाच्या पेराएवढे, लाल शेपटीचे, सदा घोळक्यानं फिरणारे. ऊन सोसत नाही. त्याच्या खोलीला पत्रा, म्हणून आमच्याकडे. दर गुरुवारी मोजायला येतो. सहा मासे मोजायला पाऊण तास! १ मेपासून त्याची बदली बेलापूरला. मासे नेले की गुरुवार संपले.

११ एप्रिल
"पाचच?" — शमशेर.
"एक पाहुण्यांबरोबर गेला."
तो इतका हसला की खाला चुलीवरचं सोडून बाहेर आली. मी हसले नाही. नंतर मोरीत जाऊन हसले.

१४ एप्रिल
देवळालीचा निरोप — मुलगी चांगली, पण चाचांच्या पोटात अजून हलतंय. नकार! खाला रडली. मी पोटभर जेवले.

१७ एप्रिल
रांजणातल्या शेवाळाला बारीक काड्या चिकटलेल्या. भिंग लावलं. काड्यांना डोळे! मोजले — तेवीस. पुन्हा मोजले — तेवीस. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घातला. खाला साऱ्या गल्लीला सांगत सुटली, "बाळंतपन आमच्याकडं झालं!"

२३ एप्रिल
शमशेरला चिठ्ठी पाठवली. नक्कल:

"मासे पाच, पिलं तेवीस. बेलापूरला नेल्यास मोजायला मी नसेन. इथं ठेवल्यास तुम्ही नसाल. घोळका फोडू नये. दोन घरं करणं मला गैरसोयीचं वाटतं. खालाला विचारलं, तिची हरकत नाही. तुम्हाला विचारायचं राहिलं होतं. शुक्रवार, २६ तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावं."