कल्चीचा सत्कार

ती. शरयूआत्या,

वाकून नमस्कार केलाय असं समज (इकडे खुर्च्या उचलून पाठ आधीच वाकलेली आहे). तुझी कंबर कशी आहे? म्हशीनं लाथ मारली एवढंच पप्पांनी सांगितलं. म्हैस कशी आहे ते नाही सांगितलं. मी फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते, तुला माहितीये. शाळा तरी कशामुळे सुटली? इथं रोज उभं राहून सगळ्या वर्गापुढं बोलायला लावतात, अगदी बेडकाबद्दलसुद्धा.

आता मी इथंच अमेरिकेत, आयसेलिन गावात दिगंबरकाकांकडे काम करतो. त्यांचा मांडवाचा धंदा आहे. लग्न असो की बारसं, तंबू आमचा. काका पुण्याचे (हे ते कुणी विचारायच्या आधीच सांगतात). गिऱ्हाइकासमोर माझी ओळख करून देतात, "हे आमचं गावठी पोरगं." प्रेमानं म्हणतात म्हणे. काकांचं प्रेम गिऱ्हाईक समोर असलं की जास्तच उतू जातं.

तंबू ठोकायला माझ्याबरोबर दोन आयरिश माणसं आहेत. कॉर्मॅक डब्लिनचा, म्हणजे शहरातला. डेक्लन मेयोचा, म्हणजे आपल्यासारखा, गुराढोरांतला. कॉर्मॅक त्याला दिवसभर "कल्ची" म्हणतो. तिकडे शहरवाले खेड्यातल्या माणसाला असं चिडवतात, आपल्याकडे गावंढळ म्हणतात ना, तसं. डेक्लन त्याला उलट "जॅकीन" म्हणतो, ते डब्लिनवाल्याला चिडवायचं. एवढं झालं की दोघं एकाच डब्यातलं खातात आणि मला व्हॅनमधून घरी सोडतात. मला ड्राइव्ह करता येत नाही आणि आमच्या बाजूला बस येत नाही. आणि खरं सांगू, दिवसभरात मी जे काही बोलतो ते त्या व्हॅनमध्येच.

तर काकांची इला कॉलेजातून सुट्टीला आली. तिनं कल्ची ऐकलं, फोनवर शोधलं आणि ओरडली, "बाबा, दॅट्स अ स्लर!" म्हणजे एखाद्या समाजालाच हिणवायची शिवी. काकांचं तोंड पांढरं पडलं, त्यांना लगेच कोर्ट दिसायला लागलं. मग मीटिंग. चहा, चिवडा, अध्यक्ष काका स्वतः. त्यांचे मित्र शंतनूकाका नागपूरचे, ते म्हणाले, "अहो, ही शिवी नाहीच, हे तर लाडाचं नाव." काका म्हणाले, "तुम्हा नागपूरवाल्यांना भाषेतलं काय कळतंय!" झालं, चहा निवेपर्यंत दोघं नागपूर आणि पुण्यावर घसरले. हा सगळा वेळ डेक्लन बाहेर खुर्च्या ट्रकात चढवत होता. तुला वाईट वाटतं का रे, एवढं त्याला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शिकलेली माणसं आहेत, त्यांना विचारावं लागत नाही.

शेवटी काय ठरलं असेल? सत्कार! आपल्या लोकांना काही सुचलं नाही की सत्कार सुचतो. इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात कॉर्मॅकनं डेक्लनला शाल-नारळ द्यायचा आणि सॉरी म्हणायचं. शाल खांद्यावर पडली, डेक्लन बिचारा नारळ कानाशी हलवून बघत होता, तेवढ्यात काका माइकवर गरजले, "आवर प्राऊड कल्ची, डेक्लन!" सगळ्या तंबूनं टाळ्या वाजवल्या.

आत्या, त्याचे कान असे लाल झाले! इतके महिने कॉर्मॅकनं म्हटल्यावर हसणारा माणूस. त्यानं नारळ खुर्चीवर ठेवला आणि तडक व्हॅनकडे निघाला. मागून कॉर्मॅक. जाता जाता काकांना म्हणाला, "तो तुमचा कल्ची नाही, माझा आहे. आमचं काम बंद."

काकांनी घाबरून माइक माझ्या हातात कोंबला. मला बाहेर व्हॅनचा दरवाजा लागल्याचं ऐकू आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तो शब्द त्या दोघांचा आहे. तुम्ही मध्ये कुठून आलात? आणि मला गावठी म्हणायचं कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं होतं?" माइक चालू होता. आख्ख्या तंबूनं ऐकलं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी सवयीनं टाळीसुद्धा वाजवली.

काका धावत गेले, व्हॅनच्या काचेवर टकटक करून सॉरी म्हणाले. शाल नाही, नारळ नाही, त्यामुळे ते खरं वाटलं. दोघं थांबले. मला रोजच्यासारखं घरी सोडलं.

पण काका सुधारतात होय? येत्या शनिवारी "चि. नकुलच्या धाडसाबद्दल" माझाच सत्कार ठरवलाय. त्यावर मी दोन शब्द बोलायचे आहेत.

म्हशीला माझ्यातर्फे चुचकार. बाकी सगळं ठीक.

तुझा,
नकुल

ता. क. तुझी कंबर आता बरी आहे, पप्पा म्हणाले. पण शनिवारी ती बरी नको. सकाळीच फोन करून पप्पांना सांग की नकुलशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी दिवसभर फोनपाशी बसतो. कण्हायला विसरू नकोस.

ता. क. दोन. घरी तुला काय म्हणतात, असं डेक्लननं विचारलं. मी सांगितलं, घुम्या. आता व्हॅनमध्ये दोघं तेच म्हणतात. मला चालतं. पण तुझ्यासारखं जमत नाही त्यांना. फोन केलास की आधी एकदा तेवढं म्हण, मग कण्ह.