उसनं दिलेलं नाव

मी, हॅनोरा क्रिमिन, कै. पॅट्रिक क्रिमिन मच्छीमार यांची विधवा, राहणार ड्रिमाली, परगणा कॉर्क, वय अठ्ठ्याहत्तर किंवा त्याच्या आसपास (जन्माच्या वेळी मी हजर होते, पण मोजत नव्हते), आज शनिवारी सकाळी चुलीपाशी बसून हे लिहवून घेते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं मास्तर म्हणतात. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारे सगळे माझ्याआधी गेले. मला अक्षर येत नाही. मी बोलते ते शाळेचे मास्तर डेनिस लीहेन लिहितात आणि दर कलमानंतर मला वाचून दाखवतात. वाचून दाखवणाऱ्यावर मी एकदा तेरा वर्षं विश्वास ठेवला होता. ते पुढे येईलच.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी आश्वासनं पुष्कळ दिली, विशेषतः शेजारीण जोहॅना डिनीन हिला, माझ्या तांब्याच्या किटलीबद्दल. ती सगळी रद्द समजावीत. जोहॅनाला मी साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असा कायदा आहे. इंग्रजांनी केलेला असेल, तर त्यांच्या हातून झालेलं हे एक बरं काम.

(“म्हातारे, हे मला आधी सांगायचं होतंस!” असं जोहॅना म्हणाली. मास्तर, तेही लिहा.)

कलम १. माझ्या बापाच्या घराची लोखंडी कडी माझी नात आयली हिला. आयली माझ्या थोरल्या मुलाची, कॉनची, मुलगी. वय एकोणीस. येत्या वसंतात ती लंडनला नर्स व्हायला निघाली आहे, म्हणून तिचा बाप तीन आठवडे तिच्याशी बोललेला नाही. जमीनदार साहेबाच्या माणसांनी ओंडका मारून आमचं दार फोडलं, तेव्हा दार गेलं आणि कडी माझ्या हातात राहिली. पोरी, ती तिकडे घेऊन जा. राजा भेटलाच तर म्हण, दार तुमच्याकडे राहिलंय.

कलम २. होडीतला हिस्सा, जाळी, जाळी विणायच्या सुया आणि पॅट्रिकची वल्ही कॉनला. सुया नीट ठेवाव्यात. तो ठेवणार नाही.

कलम ३. पितळेची थाळी. बशीएवढी आहे, तिच्यावर एक बाई आणि एक सिंह आहे. चौदा सालची मोठी लढाई संपल्यावर राजाकडून ज्या ज्या घरी पोरगा परत आला नाही तिथे एकेक आली. गावात तिला मेलेल्याचा पैसा म्हणतात. आमच्याकडे ती माझ्या धाकट्याची, मॉर्टीची, म्हणून आली. मॉर्टी सोळाव्या वर्षी इंग्रजांच्या पलटणीत गेला आणि अठराव्या वर्षी तुर्कांच्या किनाऱ्यावर उतरताना कंबरभर पाण्यात पडला. “तिच्यावर काय लिहिलंय?” असं मी कॉनला विचारलं होतं. “मॉर्टीचं नाव, आई.” मी ती दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवली. राजाच्या वस्तूला इतका मान पुरे, आणि मॉर्टीला दूध आवडायचं.

आज मास्तरांनी ती वाचली. तिच्यावर कॉर्नेलियस क्रिमिन असं नाव आहे. ते कॉनचं नाव आहे.

कलम ४. खिडकीजवळचं लाकडी बाक. हे कोणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, जाळायचं नाही. कारण सांगते. जोहॅना, तू मध्ये छातीवर क्रूस काढू नकोस, मास्तरांचं लक्ष जातं.

लढाई थांबली तो दिवस आपल्याकडच्या जुन्या सैनिकांनी पाळायला सुरुवात केली, त्या वर्षापासून दर अकरा नोव्हेंबरला, सकाळी अकराला, चौकात बिगुल वाजला की हे बाक ओलं होतं. छप्पर गळत नाही. आधी बसण्याची जागा ओली होते, मग खाली दोन पावलांएवढी जमीन. वाळूही असते. आपल्या किनाऱ्याची वाळू करडी आहे, ही पिवळी. मी हाक मारते, “मॉर्टी, बाळा.” काही हलत नाही. वर्गात दुसऱ्याचं नाव पुकारलं की पोरं जशी बसून राहतात, तसं कोणीतरी बसून राहतं. मग दुपारपर्यंत वाळतं.

आणि त्याच दिवशी कॉन घरी येतो तो केस ओले करून. कोरड्या दिवशीसुद्धा. दर वर्षी थोडा जास्त ओला. पहिल्या वर्षी फक्त केस, मग कॉलर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बुटांत पाणी होतं.

कॉन चौकात जातो कशाला, हे परगण्यात सगळ्यांना माहीत आहे. काळा झेंडा घेऊन तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, राजाचं गाणं सुरू झालं की आपलं म्हणतो, आणि मेलेल्या सैनिकांच्या आठवणीला कोटांवर लावलेली कागदी लाल फुलं ओरबाडतो. काही जण फुलामागे दाढीचं पातं लावून येतात. त्याच्या बोटांवर व्रण आहेत. मी त्याला कधी अडवलं नाही. इंग्रजांच्या झेंड्याखाली मीही उभी राहणार नाही. त्यांनी माझ्या बापाचं दार नेलं, कॉनला दोन वर्षं तुरुंगात ठेवलं, आणि मॉर्टीला नेऊन बदल्यात झाकण पाठवलं.

पण गेल्या वर्षी मला एकदा मॉर्टीचं नाव मोठ्याने ऐकावंसं वाटलं. मी आयलीचा हात धरून गेले आणि भिंतीआड उभी राहिले. चौकातल्या दगडावर कोरलेली, लढाईत मेलेल्या पोरांची नावं त्यांचा म्हातारा कॅप्टन वाचत होता. पलीकडून कॉन आणि त्याची माणसं ओरडत होती. कॅप्टनने वाचलं, “कॉर्नेलियस क्रिमिन.” जुन्या सैनिकांच्या रांगेत एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. तिथून आवाज आला, “हजर.” फुटत्या गळ्याचा, घरून गेला तेव्हाच्या सोळा वर्षांच्या पोराचा. शेजारच्या दोघांनी मान वळवली नाही. त्यांना सवय असावी. आणि रस्त्यापलीकडे माझ्या जिवंत मुलाने ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडातून पाणी आलं.

यंदा किती पाणी येईल, त्याचा मी वर्षभर विचार केला.

कलम ५. घर. ते कॉनला मिळावं, पण एका अटीवर. आज तोच अकरा नोव्हेंबर, आणि ती अट त्याला सकाळीच सांगितली आहे. तो झेंडा खांद्यावर टाकून निघाला तेव्हा मी दारात उभी राहिले.

“थाळीवर कोणाचं नाव आहे, कॉन?”

“मॉर्टीचं. किती वेळा सांगू?”

“गेल्या वर्षी मी भिंतीआड होते रे.”

तो चाळीस वर्षांचा माणूस उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, “आई, अठराच्या आत घेत नव्हते त्याला. मागायला आला माझ्याकडे. मी म्हटलं, घे माझा बाप्तिस्म्याचा दाखला, मला त्या नावाचं काय लोणचं घालायचंय?”

“मग दरसाल ओरडतोस कोणावर?”

“राजावर.”

“आणि?”

“माझं नाव वाचतात ते ऐकू येऊ नये म्हणून.” मग म्हणाला, “ओरडलं तरी ऐकू येतं, आई.”

मी सांगितलं, राजावर पोटभर ओरड, माझ्या वाटणीचंही ओरड. पण तुझं नाव वाचतील तेव्हा गप्प हो, आणि रस्ता ओलांडून मॉर्टीचं नाव घे. तुझं तू परत घे. तू बुडतो आहेस, आणि त्याला त्याच्या नावाने कोणी बोलवत नाही म्हणून तो जागचा हलत नाही. कॉन उठला. झेंडा घेऊन गेला.

त्याने हे केलं नाही तर घर आयलीला, आणि कॉनने उंबरा ओलांडू नये. आईने असं लिहू नये, जोहॅना म्हणते. आईने दोन मुलगे एकाच नावात पुरू नयेत, असं मी म्हणते.

इथे बिगुल वाजला. आम्ही तिघंही बाकाकडे बघत बसलो. मास्तरांची लेखणी थांबली होती, मी लिहा म्हटलं.

बाक कोरडं आहे. मास्तर, हात लावून बघा. कोरडं.

जोहॅना म्हणते, त्याने नाव घेतलं. मी म्हणते, किंवा यंदा पाण्याने कॉनला पुरतं नेलं. कॉन दारात दिसेपर्यंत पुढचं लिहू नये.

(यानंतर सुमारे अर्धा तास काही लिहिलं नाही. डे. ली.)

कॉन आला. केस कोरडे आहेत. झेंडा बरोबर आहे, कोटाची एक बाही फाटली आहे. ती त्याच्याच माणसांनी फाडली. तो मला म्हणाला, “मॉर्टिमर क्रिमिन, असं दोनदा म्हटलं, आई. पहिल्यांदा आवाज फुटला नाही.”

“आणि?”

“हजर म्हणाला. मग त्या जागेवर दुसरा माणूस सरकून उभा राहिला.”

म्हणून कलम ५ मधली अट काढावी. घर कॉनचं. दगडावरचं नाव पुढच्या वर्षीपर्यंत दुरुस्त करून घ्यावं. कॅप्टनशी बोलताना झेंडा बाहेर ठेवावा. आयलीशी आज जेवणाआधी बोलावं. थाळी भांड्यावरच राहू द्यावी.

कलम ४ मात्र तसंच. बाक हलवू नये. ते आता रिकामं आहे, आणि माझ्या गुडघ्यांना दुसरीकडे जमायचं नाही. माझ्यानंतर ते कधी ओलं दिसलं तर मॉर्टी समजू नये. चहा ठेवावा, साखर दोन चमचे. हाक मात्र माझ्याच नावाने मारावी.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मला समजलं, माझंच आहे. खाली माझ्या हाताने फुली.

हॅनोरा क्रिमिन, तिची खूण ✗

आम्हा दोघांच्या समोर, एकाच वेळी, तिने ही खूण केली, आणि तिच्यासमोर आम्ही सह्या केल्या:

डेनिस लीहेन, शिक्षक
जोहॅना डिनीन, शेजारीण (किटलीबाबत नाराजी नोंदवून)

ड्रिमाली, परगणा कॉर्क
११ नोव्हेंबर १९३३