दुपारची बेल

२ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. मिटलं की त्याहून मोठा!

शरीरक्रियाशास्त्र. एक विषय राहिलाय फक्त, आणि त्या एकासाठी नर्सिंगचं पुढचं सगळं अडलंय. ही शेवटची संधी. या खेपेला नाही सुटला तर कॉलेजातून नाव कमी. वाचून येत नाही असं नाही, घरी सगळं येतं. मागच्या वेळी पेपर हातात पडला आणि डोकं एकदम कोरं. हात इतका थरथरायला लागला की सुपरवायझर बाई म्हणाल्या, "पाणी हवंय का?" पाणी प्यायले. पुढचं काही आठवत नाही. घंटा झाली तेवढी आठवते.

आता तीच भीती घरी, माझ्याच टेबलावर येऊन बसलीय.

४ फेब्रुवारी, बुधवार

भिंतीवर नवं वेळापत्रक. हिरवा, निळा, लाल रंग. फार सुरेख झालंय. अख्खी सकाळ त्यातच गेली.

आमच्याकडे अभ्यास ऐकू यावा लागतो. आईचा नियम, पहिलीपासूनचा — "तोंडाने वाच. मनात वाचतेस का झोपतेस, मला काय कळणार?" ती बाहेरच्या खोलीत मशीनवर दुकानाचे उशांचे अभ्रे शिवते. माझा आवाज थांबला की तिचं मशीन थांबतं. मग — "काय गं, डुलकी लागली का?"

५ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजातल्या सिनियर ताईचा सल्ला : धडा स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐकत राहा, डोक्यात बसतो. केला. मूत्रपिंड — रचना आणि कार्य, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दुपारी बसले होते. मधे गॅस सिलिंडरवाला आला, तेवढा एक व्यत्यय. बाकी छान झालंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक भलतंच करून बसले.

जेवण झाल्यावर पुस्तक उघडलं, तर अक्षरं दिसतात पण आत काही जाईना. छाती धडधडायला लागली. बाहेर मशीन थांबलं. आता आई विचारणार! मी घाबरून फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं, दाराशी ठेवलं. मशीन परत सुरू. मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिले. माझाच आवाज तिकडे अभ्यास करत होता, एकदम मन लावून!

हुशार आहे ती मुलगी. तिला भीती वाटत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजही तेच. परवाही, कालही. रोज दुपारी ती वाचते, मी भिंतीकडे बघते. उद्यापासून नक्की स्वतः वाचायचं.

आई जेवताना म्हणाली, "अजून किडनीच का गं? बाकीचा माणूस कधी शिकणार?" बाबा हसले. मीही हसले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आई बाबांना सांगत होती, "आपली बेल बिघडलीय. दुपारी वाजते, दार उघडावं तर कोणी नाही. रोजचं झालंय."

बाबा इलेक्ट्रिशियन. लगेच स्टुलावर चढले. बेल उघडली, तारा बघितल्या, आम्हाला दहा वेळा वाजवून दाखवली. "ठणठणीत आहे. शेजारची पोरं टारगट, दुसरं काय!"

मीही म्हटलं, पोरंच असणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

पोरं नाहीत. मी आहे.

दुपारी रेकॉर्डिंग चालू होतं. "...मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात" — टिंगटाँग! आमचीच बेल, आमचाच आवाज. त्या दिवशीचा सिलिंडरवाला! रोज ऐकत होते म्हणजे काय, ऐकतच नव्हते. बाहेर मशीन थांबलं. आईची पावलं. कडी. दार. मग काहीच नाही. किती तरी वेळ दार लागल्याचा आवाज आला नाही.

मी फोन उशीखाली दाबला.

आत्ता जाऊन सांगू? काय सांगू? आठवडाभर तू जिच्यासाठी टीव्ही लावला नाहीस ती आत नुसती बसून होती?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रेकॉर्डिंग लावलं नाही. पुटपुटत वाचलं. अर्धं पानसुद्धा नाही.

पण आई म्हणाली, आज सकाळी वाजली. मी आंघोळीला होते. खरंच कोणीतरी येऊन गेलं असेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आईने अभ्रा उलटा शिवला. उसवत बसली होती. मला हाक मारली, "तुमच्या पुस्तकात असतं ना गं, नसलेलं ऐकू येतं ते? ते कानाचं दुखणं, का डोक्याचं?"

मी म्हटलं, "तो धडा अजून यायचाय." माझं तोंड! जळो ते!

मग ती हळूच म्हणाली, "आजीचं असंच सुरू झालं. कोणी हाक मारली म्हणून उठायची, दारात जाऊन उभी राहायची. आम्ही हसायचो तिला. नंतर मलाच ओळखेना — बाई, तुम्ही कोण म्हणायची."

सुई हातात तशीच. तरी मी रेकॉर्डिंगचं सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आई बाबांना म्हणाली, "मला गॅसजवळ एकटीला सोडू नका." असं म्हणाली. चहा ठेवायला मला बोलावलं, स्वतः मागे उभी.

बाबा सोमवारी डॉक्टरांकडे नेतो म्हणाले.

मला परीक्षेची भीती वाटत होती म्हणे! भीती म्हणजे काय ते आज आईच्या चेहऱ्यावर बघितलं. उद्या सांगणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

फोनच तिच्यापुढे ठेवला आणि लावला. गाळण्या आल्या. टिंगटाँग! आई सवयीने उठली आणि अर्ध्यात थांबली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मी भडाभडा सगळं ओकले — पलंग, भिंत, भीती, सगळं.

वाटलं आता मारणार. ती खालीच बसली. "म्हणजे मी बरी आहे?"

"हो गं आई."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा टिंगटाँग. हसायला लागली, हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "मेले, माझी अर्धी वाट लावलीस की गं तू!" बाबा आतून धावत आले, त्यांनाही ऐकवलं.

मग तिने विचारलं, "आणि ती सकाळची? ती पण तुझीच ना?"

मी हो म्हणाले. तिचा चेहरा एवढा फुलला होता! दुसरं काय म्हणणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर रद्द.

बाबांनी बेल काढूनच टाकली. तारा गुंडाळून डब्यात. "परीक्षा होईस्तोवर ज्याला यायचंय तो कडी वाजवेल." माझा फोनही त्यांनी जप्त केला, रोज खिशात घालून कामावर नेणार म्हणाले. रेकॉर्डिंग मीच पुसलं.

आई म्हणाली, "भीती वाटली की वाचायचं थांब आणि मला हाक मार. चोरून कशाला घाबरायचं?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आईने हातशिलाई घेऊन माझ्याच खोलीत ठाण मांडलंय. मी वाचते, ती बटणं लावते. छाती धडधडली की सांगते, "आली." ती म्हणते, "येऊ दे. तू पुढचं वाक्य वाच." एवढंच. एक वाक्य, मग पुढचं.

हृदय झालं. फुप्फुसं झाली. वेळापत्रकाकडे बघितलंसुद्धा नाही!

२३ फेब्रुवारी, सोमवार

जुना पेपर वेळ लावून सोडवला. हात थरथरला, पण लिहिता राहिला. परवा परीक्षा, आणि आज पोटभर जेवले. आई चहात साखर दोनदा घालून बसली, सगळे हसलो. "तुझ्या पेपरचं टेन्शन मलाच," म्हणाली.

या वेळी सुटेल असं वाटतंय. लिहिताना पण भीती वाटतेय, पण वाटतंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटची उजळणी, मोठ्याने. आई बाहेर मशीनवर. मशीन थांबलं. कडी निघाली, दार उघडलं, बऱ्याच वेळाने लागलं. मग आई माझ्या दारात आली, हसत — "झालं की गं तुझं पाठ! आता तरी तो फोन बंद कर. पुन्हा वाजली तुझी ती बेल."

फोन बाबांच्या खिशात आहे. बेल डब्यात.

मी म्हटलं, "हो आई, करते बंद."