चिंचगल्लीच्या चुली

१४ जानेवारी १९४१, मंगळवार

संक्रांतीला हातावर तिळगूळ पडायचा, तर पडला गेरूचा डबा! कचेरीचा हुकूम — चिंचगल्लीची खानेसुमारी शाळामास्तरांनी करावी. म्हणजे मी. आधी दारांवर नंबर, मग माणसांची मोजणी, आणि एक मार्चला सगळं पक्कं करून द्यायचं. शाळा आहेच वर.

आमच्यावर देखरेखीला म्युनिसिपालटीचे कारकून चुनीलाल. त्यांनी नियम तीनदा ऐकवला. "एक चूल, एक घर. भिंती मोजू नका, दारं मोजू नका, चुली मोजा." एवढंच ना!

१९ जानेवारी, रविवार

एवढंच नाही! दिवसभर हिंडलो. गल्ली दीडशे पावलांची. दारं चाळीस. सत्तावीस घरं धाब्याची, नऊ कौलारू, चार पक्क्या विटांची. त्या चारांतल्या तिघांच्या विटा फक्त रस्त्याच्या बाजूला. परसात गेलं की तीच पांढरी माती, तेच पोपडे. पण मालक दारातच उभं करून सांगतात, "पक्कं घर लिखा, मास्तर."

वस्तीचं काय सांगावं! अर्धे पाटील, बाकी गुजर, तेली, दोन शिंपी. आणि एक रेल्वेचा पार्सल कारकून. तो सात वर्षं इथं राहतो, पण बदली होणार म्हणून अजून स्वतःला पाहुणाच समजतो. सगळ्या धाब्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या. मी एक माणूस लिहितो नि दोनदा शिंकतो.

वयाचा तर आनंदच. हिलाल तेल्याचं वय पस्तीस, त्याच्या थोरल्या मुलाचं सव्वीस! "पोरं किती?" विचारलं, तर म्हणाला तीन. अंगणात पाच खेळत होती. "त्या दोन पोरी शेतस ना, मास्तर!" पाचही लिहिली. माझ्यावर उपकार केल्यासारखा हसला.

आज डोळ्यांनी पाहिलेल्या चुली — शेहेचाळीस.

२३ जानेवारी

कुणीतरी उठवलं की सरकार चुलीमागे पट्टी बसवणार. झालं! शेहेचाळीसच्या सव्वीस झाल्या. सासू-सुना, भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे, सगळ्यांना एकाएकी माया फुटली. हिलाल आणि त्याचा भाऊ एका शेळीवरून सहा वर्षं बोलत नव्हते. आज एका ताटात जेवत होते, आणि मला पाहून मुद्दाम एकमेकांना घास देत होते. "आमनी चूल एकच शे, मास्तर!" परसात फोडलेल्या चुलीची माती अजून काळीच होती. मी काय बोलणार? चूल दिसली तर लिहायची.

२६ जानेवारी, रविवार

आज घर नंबर चौदा. हिंमतराव पाटील. गल्लीतलं सर्वांत मोठं घर, आणि माडीवरच्या खोलीत भाडेकरू मी. त्यामुळे इथं माझी जीभ जरा आखूड होते.

मागच्या दोन खणांत तापीबाई राहते. हिंमतरावांचा धाकटा भाऊ इंद्रसिंग, त्याची बायको. इंद्रसिंग अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तो गेलाच. पत्ता नाही, पत्र नाही. बेपत्ता माणसाला मेला म्हणायला शास्त्राला बारा वर्षं लागतात. हिंमतरावांना सहाच पुरली! दर्भाचा पुतळा केला, नदीवर नेऊन जाळला, तापीबाईच्या बांगड्या फोडल्या आणि भावाचा वाटा आपल्याकडे घेतला. मी तेव्हा नवाच आलो होतो. तेराव्याला पंगतीत होतो. बुंदी चांगली होती.

तेव्हापासून तापीबाई वेगळी शिजवते. बाजारात मिरच्यांचे देठ खुडते आणि त्यावर जगते. हिंमतराव आज म्हणाले, "घर एकच लिखा. ती बाई आश्रित. होळीनंतर ते दोन खण पाडीसन मिरचीनी वखार काढानी शे."

ते बाहेर जाताच तापीबाई जिन्याखाली आली. "मन्ही चूल न्यारी शे, मास्तर. मन्हा दारवर नंबर टाका. सरकारना कागदवर घर ऱ्हायनं तं कोनी पाडाव नही."

मी शहाणपणा शिकवला — बाई, हा कागद कोर्टात चालत नाही.

"कोर्टले नही. जेठले दखाडानं शे." कागद तिला थोरल्या दिराला, हिंमतरावांनाच दाखवायचा होता.

२ फेब्रुवारी

आश्रित लिहिलं. लिहिलं झालं! माझी खोली हिंमतरावांची, माझं पाणी त्यांच्या रहाटाचं. नवी खोली या मिरचीच्या मोसमात कोण देतो? सगळे कोपरे पोत्यांनी भरलेत.

संध्याकाळी तापीबाईनं विचारलं, लिहिलं का? म्हटलं, "लिहिलं, लिहिलं." तिनं आपल्या दाराकडे पाहिलं. "मंग नंबर कोठे शे?"

म्हटलं, गेरू संपला. डबा माझ्या हातात होता! इतरांची वयं खोटी म्हणून मी हसतो. लाज वाटली. पण कागद बदलला नाही.

५ फेब्रुवारी

हिंमतरावांच्या बायकोनं, दगूबाईनं, आज पट्टीचं निमित्त करून तापीबाईची चूल फोडली. तापीबाईनं तीन दगड मांडले आणि भाकरी केली.

११ फेब्रुवारी

वारा फिरला! हिंमतरावांना म्युनिसिपालटीत निवडून जायचंय. त्यांनी ओट्यावर बसून जाहीर केलं की ज्या गल्लीत अडीचशे माणसं भरतील त्या गल्लीला नळ मिळणार. माझ्या कागदावर दोनशे अठ्ठावीस.

आता रोज पहाटेपासून माझ्या जिन्याशी रांग. कालपर्यंत माणसं लपवत होते, आज पुरवताहेत! हिलालनं म्हसावदला दिलेली मुलगी लिहायला सांगितली, वर तिची सासूसुद्धा. म्हटलं, सासू कशी? तर म्हणे, "नळ व्हयना की त्या बी येतीस ना पानी प्याले!" एका शिंप्यानं बायकोच्या पोटाकडे बोट दाखवून सांगितलं, इथं दोन लिहा. दुपट्यावर निजलेल्या मुलींनासुद्धा आज नावं होती. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना आवाज चढवून मोजत होतं.

हिंमतराव स्वतः दारोदार फिरतात. डोकी गोळा करतात. मी तारखेनं, नावानं वेगळ्या यादीत उतरवून घेतो. खरी किती ते चुनीलालांनी ठरवावं.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

चुनीलाल तपासणीला आले. हिंमतरावांच्या ओट्यावर सतरंजी, चहा, पानसुपारी. गल्लीतले दहाबारा जण भोवती. मी यादी वाचली. सगळी धरून दोनशे शेहेचाळीस! हिंमतरावांची मान वर होती. चार कमी पडत होते, आणि चार माणसं म्हणजे त्यांना किरकोळ वाटली.

"मन्हा धाकला भाऊ ऱ्हायना," ते म्हणाले. "इंद्रसिंग. लिखा."

माझी पेन्सिल थांबली. चुनीलाल गल्लीतले नव्हेत, त्यांना काय ठाऊक! त्यांनी सरळ विचारलं, "बाहेरगावी असेल तर ठिकाण लागतं. कुठं असतात?"

श्वास न घेता उत्तर आलं. "उधन्याले. कापूसना जिनमा फिटर शे. बायको अन दोन पोरे शेतस संगे, त्यासले बी लिखी ल्या!"

चार भरले. अडीचशे पूर्ण!

हिंमतराव हसत होते. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळे फिरू लागले. आपण काय बोललो ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. मग हिलाल हळूच म्हणाला, "पाटील, तेरावं जेवनूत ना आम्ही!"

हिंमतराव सावरायला गेले. दिवाळीतच पत्र आलं, म्हणाले. मग म्हणाले, दिवाळीत नव्हे, आत्ताच कळलं. मग म्हणाले, तो वेगळा इंद्रसिंग. जितकं सावरत होते तितकं उघडं पडत होतं. आणि मागच्या दारात तापीबाई उभी होती. डोक्यावर मिरच्यांची टोपली. तिनं टोपली उतरवली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि आत गेली.

पाच वर्षं एक बाई जिवंत नवऱ्याची विधवा म्हणून देठ खुडत होती, आणि मी बुंदी खाल्ली. राग हिंमतरावांचा आहे, पण सगळा त्यांचाच नाही.

जाताना चुनीलालांना नळाचं विचारलं. "कसला नळ?" म्हणाले. पाहुणेरावळे, पोटातलं बाळ, म्हसावदची सासू, सगळ्यांवर त्यांनी आडवी रेघ मारली.

२१ फेब्रुवारी

उजाडताच गेरूचा डबा घेऊन खाली उतरलो आणि मागच्या दारावर भर उजेडात नंबर घातला — चौदा-अ. कागदावरचं 'आश्रित' खोडलं. हिंमतराव मागच्या खिडकीतून बघत होते. खोली खाली करा म्हणायची त्यांची छाती झाली नाही. सकाळपासून गल्लीतलं कुणी त्यांच्या ओट्यावर चढलेलं नाही. वखारीचा तर शब्दही नाही.

दगूबाई स्वतः माती कालवून तापीबाईला चूल घालून देत होती! गल्लीच्या सगळ्या बायका उभ्या राहून पाहत होत्या, सल्ले देत होत्या. मला हसू आवरेना.

तापीबाई आपली देठ खुडत बसली होती. पण मी ठरवलंय, शेवटच्या दिवशी मीच तिला खुशखबर देणार. कुंकू लावायला मोकळी झाली ना ती! जमलं तर हिरव्या बांगड्यांचं बघायला हवं. हिलालच्या बायकोला सांगेन, मी कसा देणार?

१ मार्च, शनिवार

सगळे कागद पक्के केले. शेवटी चौदा-अ. तापीबाई उंबऱ्यात देठ खुडत होती. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता 'विधवा' खोडतो, 'विवाहित' लिहितो.

तिनं मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या."

"पण तो जिवंत आहे ना!"

"जेठनी त्याले जाळं. मी रडी लिधं. तो जिता व्हता अन घर उना नही, मंग तो मरेलच शे. घर तेवढं मन्हा नावनं लिखा."

लिहिलं. कुटुंबप्रमुख तापीबाई, विधवा. माणसं एक.