दादूच्या बातमीतलं ‘समजते’

रत्नागिरी, १३ सप्टेंबर २०२४

ती. अनिलमामांस,
मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

गौरी-गणपती काल गेले. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

आई आता फक्त पेजेवर आहे. एकच धोशा लावलाय, यंदाच्या म्हाळात बाबांचं पान वाढायचं की नाही? पन्नास वर्षं तिने वाढू दिलं नाही. ट्रंकेतलं तुमच्या बातमीचं ते कात्रण तिला पाठ आहे: ‘दादू तांडेल यांचा मचवा वादळात बुडाला असून कोणी वाचले नसल्याचे समजते.’ अनिलने डोळ्यांनी पाहिलं असतं तर ‘समजते’ लिहिलंच नसतं, म्हणते.

मी वाचनालयात जाऊन तुमच्या साप्ताहिकाचे जुने अंक चाळले. मामा, कोणाची कोंबडी चोरीला गेली तरी तुम्ही आधी खुराडं बघून येत होतात हो! वर्षभराच्या बातम्यांत ‘समजते’ जेमतेम तीनदा. मग कोंबडीसाठी चालत गेलेला माणूस सख्ख्या मेहुण्यासाठी का गेला नाही? खरं काय ते लिहा. तिच्या हातात दिवस थोडे आहेत.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
मृणाली

संगमेश्वर, १७ सप्टेंबर

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

मी गेलो होतो.

आमच्या संपादकांची शिस्त होती, पाहिलं ते सरळ लिहायचं, ऐकलं त्याला ‘समजते’ लावायचं. ही फुशारकी मीच अक्काकडे मारायचो. वादळानंतर पाचव्या दिवशी खाली देवगडकडे एक प्रेत लागल्याचं कळलं. एकटाच गेलो. भावजींना ओळखलं आणि तिथेच अग्नी दिला. आपल्याकडचं दुसरं कोणी नव्हतं.

परत आलो तर अक्का दारात उभी. तुझ्या वेळचा सातवा महिना, त्याआधी दोन मुलं पोटातच गेलेली. सुईणीने मला बजावलं होतं की धक्का बसला तर आई-बाळ दोघंही हाताला लागणार नाहीत. म्हणून ‘समजते’ लिहिलं. बाळंतपण झालं की सांगू म्हटलं. मग तुला कडेवर घेऊन ती रोज बंदरावर जायला लागली आणि माझी जीभ उचलेना. नंतर तर लाज वाटली, पोरी. भित्रा निघालो.

हे तिला वाचून दाखव. मला जे म्हणेल ते जसंच्या तसं कळव. तुझ्या आईला जप.

अनिलमामा

रत्नागिरी, २१ सप्टेंबर

ती. मामांस सा. न.

वाचून दाखवलं. आईने पेजेची वाटी लोटून दिली. म्हणाली की मी मेले असते की जगले असते ते माझं मला बघू द्यायचं होतं. ना सवाष्ण, ना विधवा; हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या बंद झाल्या, तरी अनिल दर दिवाळीला येऊन करंज्या खाऊन गेला, म्हणाली. मामा, मलाही तुमचा राग आला आहे. त्या सातव्या महिन्यातली मीच होते, म्हणून कोणत्या तोंडाने रागावू तेही कळत नाही.

संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं. तीच बातमी तुम्ही पुन्हा लिहून पाठवावी, असा तिचा निरोप आहे. छापायला नको, तिला हवी. ती आली की पान वाढणार आहे.

तब्येत सांभाळा.

मृणाली

संगमेश्वर, २४ सप्टेंबर

ती. सोनूअक्कास,
अनिलचा शि. सा. न.

देवगडकडच्या किनाऱ्यावर २४ नोव्हेंबर १९७४ रोजी सकाळी दादू तांडेल यांचे प्रेत मिळाले. अंगात घरी शिवलेला निळ्या चौकड्यांचा सदरा होता, त्याचे तिसरे बटण पांढरे होते. प्रस्तुत बातमीदाराने ते स्वतः पाहिले. अग्नी त्यानेच दिला. मृताच्या पत्नीस ही बातमी पन्नास वर्षे कळवण्यात आली नाही.

अक्का, ते पांढरं बटण तूच लावलं होतंस. लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही. पान वाढ.

अनिल